साहेबांची दुपारची झोप

बादलीची कडी वाजली, आणि नुकतेच कुठे डोळे मिटलेलं बाळ पुन्हा जागं झालं.

कोणत्याही घरात शांतता सगळ्यांच्या मालकीची असते, पण ती मोडण्याचा हक्क एकालाच असतो. तो कुणाकडे आहे हे पाहिलं की घरातलं मुख्य माणूस कोण ते कळतं. त्यासाठी घरपट्टीची पावती बघायला नको. या घरात तो हक्क साहेबांकडे होता. साहेब मागच्या अंगणातल्या शेडमध्ये राहत. तहान लागली की ते नाकाने बादली ढकलत, कडी वाजे, आणि जे माणूस सगळ्यात जवळ असेल ते पाणी घेऊन धावे. सगळ्यात जवळ नेहमी सूनच सापडे, कारण बाकीच्यांना कडी वाजायच्या सुमारास लांबची कामं आठवत. (हा निव्वळ योगायोग आहे, असा खुलासा त्यांनी वेळोवेळी केलेला आहे.)

साहेब हा घोडा होता. रंग तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, वय उतरणीला लागलेलं, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की तुमचा अर्ज मिळाला आहे, निर्णय यथावकाश कळवण्यात येईल. त्या चेहऱ्यावरूनच नाव पडलं, आणि एकदा नाव पडल्यावर त्यांना ‘अरे’ म्हणायची कुणाची छाती होईना. साहेब जेवले, साहेब उठले, साहेबांनी लीद टाकली, असंच घरात बोललं जाई. सुनेच्या जेवण्या-उठण्याबद्दल फारसं बोललंच जात नसल्यामुळे तिच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवला नाही.

साहेब घरात आले ते सासऱ्यांमुळे. सासरे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाला दोन गोष्टी लागतात: एक काम, आणि ते करायला दुसरी माणसं. गावाबाहेरची घोडेस्वारीची शाळा बंद होऊन तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली, तेव्हा शाळेतले घोडे जो नेईल त्याला देऊन टाकायचं ठरलं. सासरे तिकडे सहज फिरायला गेले ते लगाम हातात धरून परत आले. ‘नातीला बसायला,’ असं त्यांनी दारातच जाहीर केलं. नात, म्हणजे सुनेची थोरली, तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिला सायकल हवी होती.

घोडा पाळण्याचे फायदे आजकाल लोकांच्या लक्षात येत नाहीत. घरातली माणसं उजाडायच्या आत उठतात. पाहुणे गरजेपेक्षा जास्त रेंगाळत नाहीत (वारा अंगणाकडून असेल तर मुळीच नाही). बोलायला विषय कमी पडत नाही. शिवाय घोड्यावर बसता येतं, असंही ऐकिवात आहे. या शेवटच्या फायद्याचा अनुभव मात्र घरात अजून कुणी घेतलेला नव्हता. साधारण सत्तर टक्के वेळा नाल सैल असे. वीस टक्के वेळा नाल ठोकणारा नालबंद परगावी गेलेला असे. उरलेल्या दहा टक्क्यांत सगळं जुळून येई, थोरली नवे बूट घालून तयार होई, आणि तेव्हा साहेब आडवे झालेले असत.

कामांची वाटणी निकोप होती. देखरेख सासऱ्यांकडे. काळजी करणं सासूबाईंकडे. चष्म्याचं दुकान सांभाळून बाहेरची बोलणी नवऱ्याकडे. जे किरकोळ उरेल ते सुनेकडे, आणि उरायचं तेवढंच: पाणी, गवत, लीद उचलणं, ब्रश घेऊन अंगाला खरारा करणं, खुरांत अडकलेले खडे काढणं. खडे काढताना साहेब आपला सगळा भार तिच्या खांद्यावर टाकून डुलकी काढत. तिच्या पाठीला बांधलेलं बाळही त्याच वेळी झोपे. दोघांनाही ती तशीच वाकलेली आवडे.

बाळ पाच महिन्यांचं होतं. सुनेची तब्येत तशी बरी होती, म्हणजे ती उभी होती. हल्ली भांडी पुसता पुसता तिचे डोळे आपोआप वाहू लागत. का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण कुणी विचारलं नाही, म्हणून ती अडचण टळली. तिची मागणी माफक होती. दुपारी तासभर, दार लावून, अंधारात, कुणी हाक न मारता पडायचं. एवढं एकदा मिळालं तर आपण पुन्हा पहिल्यासारख्या होऊ, अशी तिची समजूत होती. ही मागणी तिने कुणापुढे मांडली नव्हती, कारण मांडायला निवांत वेळ लागतो.

शेवटी तिने स्वतःच डॉक्टरबाईंची वेळ घेतली, आणि नेमकी त्याच सकाळी साहेबांच्या पोटात कळ आली.

घोड्याचं पोट ही गंमत नव्हे. साहेब गवताला तोंड लावेनात. मान वळवून ते सारखे स्वतःच्या पोटाकडे बघत, जणू आत कुणीतरी परवानगी न घेता शिरलं आहे. पुढच्या पायाने जमीन उकरत. बसत, उठत. गल्ली कुंपणापाशी गोळा झाली. जनावरांचे डॉक्टर आले, नळी घातली, इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळाने साहेबांनी लीद टाकली, तेव्हा गल्लीतल्या माणसांनी एकमेकांचे हात हातात घेतले. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. (वाचकांनी घाबरून जाऊ नये. साहेब वाचले.)

इकडे दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सुनेला तपासलं, दोन प्रश्न विचारले, तिसऱ्याला बाळाने भोकाड पसरलं. ती त्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली. पुढच्या सगळ्या सूचना डॉक्टरबाईंनी सोबत आलेल्या नवऱ्याला दिल्या. तिथून तो तडक घरी पोचला, तर जनावरांचे डॉक्टर हात धूत होते. त्यांनीही पुढच्या सगळ्या सूचना नवऱ्यालाच दिल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या घराण्यात काहीही लिहून घेत नसत. सासऱ्यांना तालुक्यातल्या प्रत्येक तराजूची खोट तोंडपाठ होती, आणि लिहून घेणारा माणूस त्यांच्या मते कुबड्या घेऊन चालणाऱ्यातला. नवरा तोच वारसा दुकानात चालवत होता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर त्याच्या डोक्यात असे. क्वचित कुणाला दुसऱ्याचा नंबर लागे, पण माणसं भली होती, सवय करून घेत.

रात्रीच्या जेवणाला त्याने दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं घडाघडा सांगितलं.

“साहेबांना दुपारी तासभर पूर्ण अंधारात झोपू द्यायचं. हाक मारायची नाही, खुडबुड करायची नाही. कोमट तेलाने पाठ चोळायची. संध्याकाळी एकटं सोडायचं नाही. कुणीतरी जवळ बसायचं आणि बोलतील ते ऐकून घ्यायचं.”

“बोलतील?” सासूबाईंचा घास हातात राहिला.

“म्हणजे काय ते फुरफुरतील, ते. मध्ये मध्ये सल्ले द्यायचे नाहीत. आणि रोज न चुकता विचारायचं, आज कसं वाटतंय.”

“बघ, जनावरांचं शास्त्र कुठच्या कुठे गेलंय,” सासरे म्हणाले.

“आणि मला काय सांगितलं?” सुनेने विचारलं.

“तुला चालायला सांगितलंय. सकाळ-संध्याकाळ. पडून राहायचं नाही, लोळायचं तर अजिबात नाही. कोंड्याची पातळ पेज घ्यायची, थोडी थोडी. पाणी भरपूर, त्यात मीठ. एका जागी उभी राहिलीस तर पाय सुजतील. आणि हळूहळू कामाला जुंपायचं.”

“जुंपायचं? असं म्हणाल्या त्या?”

“अगं, शब्द इकडेतिकडे झाला असेल. अर्थ तोच.”

(शेवटची एक सूचना, ‘तोंड पाडून उभा राहिला तर लक्ष देऊ नका, नाटकी आहे,’ ही त्याने प्रेमापोटी तिला सांगितली नाही. नुसती पाळली.)

अंमलबजावणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. अंधारासाठी जाड पडदे हवे होते. सुनेच्या खोलीतले पानाफुलांचे पडदे जाड होते, ते उतरवून शेडला लावले. तिच्या खोलीत त्यामुळे छान उजेड झाला. बादलीच्या कडीला सासऱ्यांनी बाळाचं जुनं दुपटं गुंडाळलं, आणि त्या दिवसापासून ती कडी वाजली नाही. शेजारच्या सुताराकडे ते स्वतः गेले. या सुताराची करवत थोरलीच्या वेळी दुपारभर चालली होती, आणि आता धाकट्याच्या वेळीही चालत होती. सुनेने त्याला दोनदा विनंती करून पाहिली होती.

“बाळासाठी म्हणत होत्या सूनबाई,” सुतार म्हणाला. “आता बाळं काय काका, घरोघरी होतात. घोड्याचं आजारपण म्हणजे वेगळी गोष्ट. आधीच सांगायचं नाही का?”

करवत थांबली. गल्लीतल्या पोरांनी चेंडू दुसरीकडे नेला. दुपारी अख्खी गल्ली चवड्यांवर चालू लागली, आणि त्या शांततेत सून बाळाचे कपडे धूत असे, कारण एरवी गरम पाणी साहेबांचं तेल कोमट करण्यात जाई.

संध्याकाळची सोबत हा या उपचारांतला सर्वांत यशस्वी भाग ठरला. पहिल्या दिवशी सासूबाई स्टूल घेऊन बसल्या त्या कर्तव्य म्हणून. साहेबांनी कान त्यांच्याकडे वळवले. सासूबाईंनी एक लहानसं गाऱ्हाणं सांगितलं. साहेबांनी ‘त्यात काय एवढं’ म्हटलं नाही, घड्याळ पाहिलं नाही, ‘मागच्या वेळीही तू हेच म्हणालीस’ अशी आठवण करून दिली नाही. त्या आठवड्याअखेर सासूबाई लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचल्या होत्या आणि त्यांचं डोकं दुखायचं थांबलं होतं. मग सुताराची बायको येऊ लागली. मग समोरची शिक्षिका. पाळी लावावी लागली. घरात माणसाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेण्याचं प्रमाण पूर्वी तीन टक्क्यांच्या आसपास होतं. शेडमध्ये ते एकदम शंभरावर गेलं, यावरून उपचारांची परिणामकारकता लक्षात यावी. आणि येणारा जाणारा प्रत्येक जण कुंपणावरून आधी विचारी: “काय साहेब, आज कसं वाटतंय?”

सून तिच्या सूचना पाळत होती. पहिल्या बाळंतपणानंतर असं काही नव्हतं सांगितलं. पण शास्त्र पुढे गेलं असेल, असं तीही धरून चालली. सकाळ-संध्याकाळ ती बाबागाडी ढकलत घराभोवतीच्या कुंपणाला फेऱ्या घाली. साहेब कुंपणाच्या आतून तिच्याबरोबर चालत. ती वळली की वळत, ती थांबली की थांबत, आणि ती पुन्हा निघाली नाही तर नाकाने कुंपण ढकलत. दुसरं कुणी त्यांना फिरवत नव्हतं; तशी सूचनाच नव्हती. कोंड्याची पेज घशाखाली उतरत नसे. अर्धी ती कशीबशी गिळे आणि उरलेली कुणाचं लक्ष नसताना साहेबांच्या बादलीत ओती. मिठाच्या पाण्याचीही तीच वाट लागे. साहेब बादली चाटूनपुसून स्वच्छ करत.

महिन्याभरात साहेबांच्या अंगावर तकाकी आली. आयाळ रेशमासारखी झाली. सासरे येणाऱ्याला शेडमध्ये नेऊन दाखवत. सुनेच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण तिला चालण्याचा चांगला सराव झाला होता.

मग जनावरांचे डॉक्टर फेरतपासणीला आले. सगळं घर शेडमध्ये जमलं. सून बाळाला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी पोटाला कान लावला, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, साहेबांना अंगणात चालवून आणलं.

“फर्स्ट क्लास. दोन्ही वेळा चालवता ना?”

“चालायला सूनबाईला सांगितलंय,” सासरे म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “बरं. आणि कोंड्याची पेज?”

“तीही तीच घेते.”

“मिठाचं पाणी?”

सासऱ्यांनी सुनेकडे वळून पाहिलं. “घेतेस ना गं नियमित?”

“घेते बाबा.”

डॉक्टरांनी गळ्यातली तपासणीची नळी काढली, तिची हळूहळू गुंडाळी केली आणि बॅगेत ठेवली. “मग घोड्याला काय करता तुम्ही?”

सासऱ्यांनी अभिमानाने सगळं सांगितलं. अंधार, तेल, शांतता, सोबत, ऐकून घेणं, रोजची विचारपूस. सांगता सांगता त्यांचा आवाज उतरत गेला, कारण शेवटच्या वाक्यापर्यंत पोचताना त्यांनाही ते पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

“ह्यातलं मी काहीच सांगितलेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. मग बॅग बंद करत म्हणाले, “ज्यांनी सांगितलंय त्यांचा दवाखाना कुठे आहे? माझ्या बायकोला न्यायचंय.”

सगळे नवऱ्याकडे बघू लागले. त्याने घसा खाकरला.

“नंबर बरोबर आहेत,” तो म्हणाला. “फक्त चष्मे बदललेत.”

सून म्हणाली, “पेज मला संपायची नाही. अर्धी मी साहेबांच्या बादलीत ओतायचे. पाणी पण. आणि मी चालायला लागले की हे आतून चालायचे बरोबर.”

“म्हणजे ह्याला दोन्ही डॉक्टरांचं औषध लागू पडलं,” डॉक्टर म्हणाले. यापुढचा प्रश्न उघड होता. पण ते जनावरांचे डॉक्टर होते आणि तो त्यांच्या कक्षेबाहेर पडत होता. ते बॅग उचलून निघाले. दारातून जाताना मात्र त्यांनी सुनेकडे, सवयीने, डोळे आणि पाय असं नीट पाहून घेतलं. सहा महिन्यांत या घरात इतक्या काळजीने तिच्याकडे बघणारे ते पहिलेच.

त्याच संध्याकाळी घरातल्यांची बैठक झाली. साहेबांना एकटं सोडता येत नसल्यामुळे ती शेडमध्येच घ्यावी लागली. सासऱ्यांनी प्रास्ताविक केलं. झाल्या प्रकाराला चूक म्हणता येणार नाही, अदलाबदल म्हणता येईल. आता साहेबांचे उपचार एकाएकी थांबवले तर त्यांची सवय मोडेल. सवय मोडली की पोट बिघडेल. पोट बिघडलं की लीद, पाणी, रात्रीची जागरणं, हे सगळं सुनेच्याच अंगावर पडेल. तेव्हा आहे ते तसंच चालू ठेवणं हे मुख्यतः सुनेच्याच हिताचं आहे. यावर दुमत झालं नाही. सुनेला मत विचारायचं होतं, पण ती बाळाला पाजायला आत गेली होती.

ती परत आली तेव्हा दुसरा विषय चालला होता, तो म्हणजे तीच. तिला वेगळी अंधारी खोली देणं शक्य नव्हतं, कारण पडदे एकच जोड होते. सुताराला पुन्हा सांगायला जाणं बरं दिसलं नसतं, त्याने घोड्यासाठी हो म्हटलं होतं. अखेर तोडगा निघाला. दुपारच्या वेळी साहेब विश्रांती घेत असताना, त्यांना त्रास होणार नाही अशा बेताने, सुनेला पडद्याच्या आत कोपऱ्यात पडायची मुभा देण्यात यावी.

“आणि संध्याकाळी मी बसते, तेव्हा तीही येऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. “ऐकायला दोघं असले की सांगणाऱ्यालाही बरं वाटतं.”

नवरा इतका वेळ खाली बघून गवताची काडी मोडत होता. “दुपारी मी दुकान बंद ठेवत जाईन,” तो म्हणाला. “बाळ मी बघतो. बाळ रडलं तर...” तो अडखळला. त्याने बायकोकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला तिच्या डोळ्यांखालचं काळं दिसलं. दुकानात बसून दिवसभर लोकांचे डोळेच बघणारा माणूस तो. “रडलं तर साहेबांची झोपमोड होईल,” त्याने वाक्य पुरं केलं. घरात एवढं एकच कारण चालत होतं, ते त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेडमध्ये गेली. बाहेर करवत बंद होती. पडद्यांवरची पानंफुलं उन्हाने मागून उजळली होती, जशी ती पूर्वी तिच्या खोलीत उजळत. कोपऱ्यात गवताच्या गाठोड्यावर घोंगडी टाकून ती आडवी झाली. साहेब उभ्याउभ्याच झोपले होते, खालचा ओठ सैल सोडून. घोडे असेच झोपतात, त्यांना अंधार लागत नाही आणि शांतता असली नसली तरी चालते. (ही माहिती घरात सर्वांना होती, पण सूचना त्या सूचना.) त्यांच्या श्वासाची ऊब तिच्या पायांपर्यंत येत होती. दुपट्यात गुंडाळलेली कडी गप्प होती. कुणी हाक मारली नाही. हाक मारायला बंदी होती, अर्थात साहेबांमुळे. ती झोपली.

साहेबांच्या तब्येतीची चौकशी आजवर पुष्कळांनी केली आहे. हे वाचणाऱ्यांच्या मनातही त्या पोटदुखीपासून ती असणारच, म्हणून नमूद करून ठेवलेलं बरं: साहेबांचं पोट साफ आहे, भूक उत्तम आहे, नालसुद्धा सध्या घट्ट आहेत. काळजी करण्यासारखं काही नाही.

तासाभराने पडद्याचा कोपरा हलला आणि थोरली चवड्यांवर आत आली. घरातले नियम तिला पाठ होते. ती आधी साहेबांपुढे जाऊन उभी राहिली आणि हळू आवाजात विचारलं, “साहेब, आज कसं वाटतंय?” साहेबांनी नाकपुड्या फुरफुरवल्या. तिचं समाधान झालं. मग ती आईजवळ येऊन बसली, तिच्या केसांतली गवताची काडी काढली आणि तिच्या गालाकडे बघत राहिली.

“आई, तू रडतेयस?”

“नाही गं. झोप झाली ना, म्हणून डोळ्यांत पाणी आलं.”

थोरलीने हे पटवून घेतलं. ती काडी तिने साहेबांपुढे धरली. त्यांनी ती ओठांनी अलगद उचलून घेतली.

“साहेब बरे झाले ना?”

“झाले की.”

“कधी?”

“केव्हाच.”

पलीकडे घरात तिचे बाबा बाळाला घेऊन येरझारा घालत होते, ते ऐकू येत होतं.

“मग अजून सगळे त्यांनाच का विचारतात?”